उरलेल्या औषधांची पिशवी काउंटरवर आली की: इंदूरच्या फार्मासिस्टसाठी

इंदूरच्या कचरागाडीला सहा कप्पे: ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, सॅनिटरी आणि घातक घरगुती. पहिल्या पाचांबद्दल घरातलं शाळकरी पोरही चुकत नाही. सहाव्याचं नाव काढलं की ट्यूबलाइट आठवते, फार तर सेल. गोळ्यांचा उरलेला अर्धा पत्ता, खोकल्याच्या औषधाची चिकट बाटली, गेलेल्या आजोबांची इन्सुलिनची पेनं हेही त्याच कप्प्याचं सामान आहे, हे सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. मग थोडं ओल्यात जातं, थोडं संडासात, आणि बरंचसं परत ड्रॉवरमध्ये.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी मुदत संपलेली औषधं, वापरलेल्या सुया, फुटलेला पाऱ्याचा थर्मामीटर हे सारं घातक घरगुती कचऱ्यातच धरलं. म्हणजे नियम आहे आणि कप्पाही आहे. कमी आहे ती पिशवी उघडून ‘हे इकडे, ते तिकडे, आणि हे टाकायचंच नाही’ असं सांगणाऱ्या माणसाची. ते काम फार्मासिस्टचं. औषधं गोळा करणं त्यामानानं सोपं. खरं कसब निवडण्यात आहे, म्हणून इथं जास्त जागा निवडीलाच दिली आहे.

आधी कागद, मग पेटी

दुकानात ‘जुनी औषधं इथे द्या’ अशी पेटी ठेवायची असेल तर ती कुठं रिकामी होणार हे आधी ठरवा. शहरातल्या दवाखान्यांचा कचरा ज्या सामाईक जैववैद्यकीय कचरा प्रक्रिया केंद्रात जातो, त्याच्याशी लेखी करार हवा. करारात चार गोष्टी स्पष्ट पाहिजेत: उचल किती दिवसांनी, पैसे वजनावर की फेरीवर, पिवळ्या पिशव्या कोण देणार, आणि दर उचलीला वजन लिहिलेली पावती मिळणार का. वजनाचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. दहा गोळ्यांचा पॅरासिटामॉलचा पत्ता साधारण सात-आठ ग्रॅमचा. सिरपची एक भरलेली काचेची बाटली त्याच्या पंचवीस-तीसपट. बिल गोळ्यांनी नाही, बाटल्यांनी फुगतं.

दुसरा कागद औषध निरीक्षकाकडचा. उपक्रमाची लेखी माहिती द्या आणि पोच घ्या. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेनं २०२५ मध्ये मुदतबाह्य व न वापरलेल्या औषधांच्या विल्हेवाटीबद्दल मार्गदर्शिका काढली आहे. राज्याचा औषध विभाग आणि केमिस्ट संघटना यांनी मिळून परत-संकलन सुरू करावं, असं तीत सुचवलं आहे. तिची प्रत अर्जाला जोडली की बोलणं लवकर पुढं सरकतं. केरळात कोझिकोडला ‘एनप्राउड’ नावानं असं संकलन २०२५ मध्येच सुरू झालं, त्याचा दाखलाही देता येतो.

करार नसेल तर पेटी ठेवू नका. भरलेली पेटी महिनोन् महिने गोदामात पडून राहणं हे न ठेवण्याहून वाईट. तेव्हा फक्त निवड करून द्या: गिऱ्हाइकाची पिशवी उघडा, वेगळी करा, बंद पुडकं बांधून ‘हे गाडीच्या घातक कप्प्यात’ असं सांगून परत द्या. निम्म्याहून अधिक काम तेवढ्यातच होतं.

पेटी ठेवलीत तर वीस-पंचवीस लिटरची, कुलपाची, भिंतीला किंवा फडताळाला स्क्रूनं पक्की. आत क्लोरीनविरहित प्लास्टिकची पिवळी पिशवी. क्लोरीनविरहित का, तर क्लोरीन असलेलं प्लास्टिक नीट न जाळलं तर डायॉक्सिन नावाची विषारी द्रव्यं तयार होतात. गोळ्यांच्या पुष्कळ पत्त्यांची पारदर्शक बाजू पीव्हीसीची असते, म्हणून अंगणात पत्ते जाळणं सर्वांत घातक. केंद्रातल्या भट्टीत दुसऱ्या कक्षाचं तापमान १०५० अंशांच्या आसपास ठेवतात आणि धूर तिथं किमान २ सेकंद राहावा लागतो. ती सोय घरच्या शेकोटीत नाही.

पेटी काउंटरच्या आतच असावी. बाहेर ठेवली की लोक परस्पर टाकून मोकळे होतात. त्यात सुई जाते, थर्मामीटर जातो, कधी केळीचं सालही. बाहेर फक्त पाटी लावा, मराठीत आणि हिंदीत: ‘जुनी औषधं आमच्या हातात द्या.’

पिशवी ट्रेवर

लागतं इतकंच: कडा असलेला स्टीलचा ट्रे, नायट्राइलचे हातमोजे, चिमटा, कात्री, मार्कर, दोन-चार झिपलॉक पिशव्या. पिशवीत हात घालायचा नाही. तिचं तोंड ट्रेला टेकवून हळूच उलटी करायची. तळाशी उघडी सुई असू शकते आणि ती हात घातल्यावरच सापडते.

समजा, एका घरची पिशवी उलटी केली. निघालं ते असं: ॲझिथ्रोमायसिन ५०० च्या तीनांपैकी दोन गोळ्या. टेल्मिसार्टन ४० या रक्तदाबाच्या गोळीचे दोन पत्ते, आणि दुसऱ्या कंपनीच्या नावानं टेल्मिसार्टनचाच तिसरा. थायरॉक्सिनची शंभर गोळ्यांची बाटली, अर्धी भरलेली, सोबत नऊ महिन्यांपूर्वीचं बिल. व्हिटॅमिन डी ६०,००० चे चार सॅशे. डोळ्यांचे थेंब, कधी फोडले त्याचा पत्ता नाही. तळाला साखर बसलेलं खोकल्याचं औषध. आणि इन्सुलिन पेनची एक सुई, टोपणाविना.

टाकण्याआधी हे वाचा. रोज एक गोळी घेतली तर शंभराची बाटली शंभर दिवसांत संपते. नऊ महिन्यांनी अर्धी उरली म्हणजे थायरॉईडच्या गोळ्या राहून जाताहेत. टेल्मिसार्टन दोन नावांनी आहे, तर डॉक्टरांनी कंपनी बदलली की घरात दोन्ही एकदम चालू आहेत? दुसरं असेल तर आजोबा सकाळी उठताना का भेलकांडतात त्याचं उत्तर तुमच्या ट्रेवर आहे. ॲझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचा कोर्स एका गोळीवर थांबला. व्हिटॅमिन डी आठवड्याला एक असं लिहिलेलं असतं. ते चार उरले यात फारसं नुकसान नाही, पण ‘रोज एक’ समजून संपवले असते तर होतं.

विचारण्याची पद्धत महत्त्वाची. ‘गोळ्या का घेतल्या नाहीत?’ म्हटलं की पुढच्या वेळी पिशवी येणारच नाही. ‘काकू, ही थायरॉईडची बाटली डॉक्टरांनी बंद केली, की मधे मधे राहून जातात गोळ्या?’ असं विचारलं की खरं कळतं. थायरॉक्सिनची बाटली टाकायची का, हे त्या उत्तरावर ठरेल. चालू औषध असेल आणि मुदत असेल तर ते काकूंच्या हातात परत द्या, कसं घ्यायचं ते सांगून.

मुदतीबद्दलही एक गैरसमज दर आठवड्याला दिसतो. पत्त्यावर ०८/२०२६ असेल तर औषध ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंत चालतं, १ ऑगस्टला फेकायचं नाही. उलट बाजूनं, फोडलेल्या वस्तूंना छापील मुदत लागू नाही: डोळ्यांचे थेंब उघडल्यापासून चार आठवडे, पाणी घालून तयार केलेलं अमॉक्सिसिलीनचं सिरप सात दिवस, वापरात असलेलं इन्सुलिन बहुतेक प्रकारांत चार आठवडे. विकतानाच बाटलीवर मार्करनं तारीख टाका, नंतरचा वाद वाचतो. पावसाळ्यात नाकही वापरा. ॲस्पिरिनच्या पत्त्याला व्हिनेगरसारखा वास आला तर ओल लागून गोळी फुटते आहे, तारीख काहीही असो.

कुठलं कुठं

साध्या गोळ्या, कॅप्सूल, मलमं: बाहेरचा खोका आणि आतलं माहितीपत्रक सुक्या कचऱ्यात, पत्ता जसाच्या तसा पिवळ्या पिशवीत. गोळ्या पत्त्यातून काढत बसू नका. काढल्या की नाव जातं, भुकटी उडते, आणि रंगीत गोळ्यांचा ढीग पोरांना चॉकलेटसारखा दिसतो. पत्त्यावर मात्र कात्रीनं आडवा छेद द्या, बॅच नंबर आणि तारीख तुटेल असा. गोळी कापली जाऊ नये. शाबूत पत्ता आणि लेबलासकट बाटली भंगारातून पुन्हा बाजारात येऊ शकते, म्हणून हा उपद्व्याप.

सिरप: झाकण घट्ट लावून बाटलीसकट. एका बाटलीत दुसरी ओतू नका. घरगुती पेटीत पोटॅशियम परमँगनेट आणि ग्लिसरीन दोन्ही असतात, आणि ही दोन एकत्र आली की काडी न लावता पेट घेतात. परमँगनेटची पुडी नेहमी वेगळी बांधा.

कर्करोगाची औषधं: कॅपेसिटाबिन, सायक्लोफॉस्फमाइड, हायड्रॉक्सियुरिया, आणि संधिवातासाठी आठवड्यातून एकदा दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट. हे शेवटचं ‘सांध्यांच्या गोळ्या’ म्हणून साध्या ढिगात निसटतं. यांना कात्री लावायची नाही. पत्ता अखंड, दुहेरी झिपलॉकमध्ये, वर ‘सायटोटॉक्सिक’ (पेशींना मारक) लिहून. यांच्या पिशव्या केंद्राकडे वेगळ्या जातात, कारण जाळण्याचं तापमान १२०० अंशांच्या वर लागतं. गरोदर सहकारी असेल तर हा ट्रे तिला देऊ नका.

नशेची आणि तीव्र वेदनेची औषधं: इथं नियम उलटा होतो. २०२५ च्या मार्गदर्शिकेत १७ औषधांची यादी आहे, ती संडासात फ्लश करायला सांगितली आहेत. फेंटानिल, मॉर्फिन, ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन, ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, मिथाइलफेनिडेट, डायझेपाम त्यात येतात. कारण सरळ आहे: दुसऱ्याच्या हाती पडलेला एखादा डोसही जीव घेऊ शकतो, तेव्हा पाण्याचं नुकसान त्यामानानं परवडलं. वापरून काढलेल्या फेंटानिलच्या पॅचमध्येही बरंच औषध शिल्लक असतं. चिकट बाजू आत करून तो दुमडायचा आणि लगेच फ्लश करायचा. ही औषधं दुकानात जमा करून घेऊ नका. नियंत्रित औषधांचा साठा, त्याची नोंद, त्याचा हिशेब या कायद्याच्या भानगडीत परत-पेटी अडकते. घरी कसं करायचं ते सांगून पाठवा.

या यादीमुळे एक नवी चूक सुरू झाली आहे. ‘झोपेच्या गोळ्या फ्लश करतात’ असं ऐकून लोक अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, मग प्रतिजैविकंही ओतायला लागतात. यादीत नाही ते फ्लश नाही. सांडपाणी प्रक्रिया केंद्र मैल्यासाठी बांधलेलं असतं. कार्बामाझेपिनसारख्या फेफऱ्याच्या औषधाचे रेणू त्यातून जवळजवळ तसेच पार होतात. इंदूरची कान्ह पुढं उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते, हे गिऱ्हाइकाला सांगितलं की बेसिनकडे वळलेला हात थांबतो.

सुया आणि लॅन्सेट (साखर तपासताना बोट टोचायच्या सुया): जाड प्लास्टिकच्या बाटलीत, कपडे धुण्याच्या लिक्विडची रिकामी बाटली उत्तम. पाण्याची पातळ बाटली नको, सुई आरपार जाते. तीन चतुर्थांश भरली की झाकण लावून टेप. सुईला परत टोपण घालण्याचा प्रयत्न करू नका, पुष्कळ टोचण्या तिथंच होतात. दुकानात घेत असाल तर पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात, गोळ्यांबरोबर कधीच नाही.

इनहेलर आणि स्प्रे: दाबाखालची टाकी भट्टीत फुटते. भोक पाडू नका, पिवळ्या पिशवीत टाकू नका. घातक कप्प्यात, वेगळं.

पारा: न फुटलेला थर्मामीटर कडक डब्यात गुंडाळून घातक कप्प्यात. फुटला असेल तर झाडू नाही, व्हॅक्यूम तर नाहीच. खिडक्या उघडा, दोन जाड पुठ्ठ्यांनी थेंब गोळा करा, थोडं पाणी घातलेल्या काचेच्या बरणीत बंद करा. भट्टीत पारा गेला की सरळ हवेत येतो. आणि मराठी घरातली एक वस्तू इथं सगळे विसरतात: सूतशेखर, आरोग्यवर्धिनी. यांत कज्जली असते, म्हणजे पारा आणि गंधक. आयुर्वेदिक आहे म्हणून तुळशीच्या कुंडीत ओतू नका. तीही पाऱ्याच्या ढिगात.

ओआरएसची पुडी, ग्लुकोज पावडर यांच्यासाठी काही करायला नको, बेसिनमध्ये ओतली तरी चालेल.

चहाच्या चोथ्याची गोष्ट

मोबाइलवर फिरणारा एक सल्ला असा: गोळ्या वापरलेल्या चहापत्तीत किंवा मातीत मिसळा, पिशवीत बंद करा, कचऱ्यात टाका. सल्ला चूक नाही. चोथ्यात माखलेल्या गोळ्या कुणी उचलत नाही, जनावरही तोंड लावत नाही. पण इंदूरमध्ये चोथा दिसला की हात आपोआप ओल्या कप्प्याकडे जातो, आणि तिथं सगळं बिघडतं. इथला ओला कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात जातो, २०२२ मध्ये रोज ५५० टन क्षमतेनं सुरू झालेला. तिथं गॅस तयार करतात ते जिवाणू, आणि आपण त्यांना पाठवतो प्रतिजैविकं. शिवाय उरलेल्या खताबरोबर औषध शेतात पोचतं. त्यामुळे पुडकं घरी बांधायचं असेल तर ही पद्धत वापरा: पत्त्यातून न काढलेल्या गोळ्या जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळा, सुट्ट्या गोळ्या किंवा सिरप असेल तरच चोथा, माती किंवा लाकडाचा भुसा, द्रव पूर्ण शोषला जाईल इतका, मग बंद डबा, वर मोठ्या अक्षरात ‘औषधं’, आणि गाडीवाल्या भाऊंच्या हातात देऊन ‘घातकमध्ये’ असं तोंडानं सांगा.

फळीवर परत कधीच नाही

सर्वांत मोठा मोह इथं आहे. पत्ता सीलबंद, मुदत दोन वर्षं बाकी, औषध महाग. गिऱ्हाईकही आग्रह करतं: ‘दादा, फ्रिजमध्येच होतं हो, कुणा गरिबाला द्या.’ नको. इंदूरच्या मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. ते औषध गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलं की देवघराच्या कपाटात, तुम्हाला कळायला मार्ग नाही. फ्रिजच्या मागच्या भिंतीला चिकटून गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर चांगल्यासारखंच दिसू शकतं, काम मात्र करत नाही. एकदा उंबऱ्याबाहेर गेलेलं औषध दुकानाच्या दृष्टीनं संपलं.

दुसरी पळवाट जास्त छुपी. दुकानाचा स्वतःचा मुदतबाह्य माल स्टॉकिस्टकडे परत जातो आणि त्याचं क्रेडिट मिळतं. औषध नियमांप्रमाणे तो माल वेगळ्या खोक्यात, वर ‘नॉट फॉर सेल’ असं ठळक लिहून ठेवायचा असतो. घरून आलेले शाबूत पत्ते या खोक्यात सरकवून क्रेडिट घेणं ही सरळ फसवणूक आहे, आणि बॅच-बिल जुळवताना ती पकडलीही जाते. म्हणून दोन्ही खोके एका फळीवर ठेवू नका, रंगही वेगळे ठेवा, आणि हेल्परला पहिल्याच दिवशी समजावा. याच क्रेडिटमुळे गिऱ्हाईकही विचारतं, ‘तुम्हाला कंपनी पैसे देते, मग मला का नाही?’ एका वाक्यात उत्तर द्या: कंपनी दुकानाच्या फळीवरच्या मालाचे देते, घरून आलेल्याचे नाही, ते जाळण्याचे पैसे आम्हीच भरतो.

नोंदवही

तारीख, एकूण वजन, ढीगवार अंदाजे नग, उचलीचा पावती क्रमांक, सही. गिऱ्हाइकाचं नाव लिहू नका. पिशवीत जुनी चिठ्ठी किंवा तपासणीचा कागद निघाला तर तो तिथंच परत द्या. कुणाला कसली गोळी चालू आहे हे सगळ्या गल्लीला कळायला नको. महिन्याला एकदा वही चाळा. एकच औषध वारंवार परत येत असेल तर डॉक्टरांना कळवण्यासारखी ती गोष्ट आहे: बहुधा गोळी सोसत नाही, किंवा पत्ता पंधराचा आणि कोर्स दहाचा.

उगमाशी करण्यासारखं याच वहीतून निघतं. नवीन रक्तदाबाची गोळी पहिल्यांदा महिन्याची देऊ नका, सात-दहा दिवसांची द्या. बिल करण्याआधी ‘घरी किती उरल्यात?’ विचारा. पत्ता कापताना तारीख नसलेल्या टोकाकडून कापा. तरी आधीच्या गिऱ्हाइकाकडे बिनतारखेचा तुकडा जातोच, म्हणून पुडीवर औषधाचं नाव, मुदत आणि बॅच हातानं लिहा. ओळख न पटणाऱ्या पिशव्यांतला मोठा भाग हे बिनतारखेचे तुकडेच असतात.

पेटी कधी भरते

एरवी महिनाभर पुरणारी पेटी दिवाळीच्या साफसफाईत आठवड्यात भरते. केंद्राला आधी कळवून त्या पंधरवड्यात जास्तीची उचल ठरवा, ती ठरली नसेल तर पाटी तेवढ्यापुरती उतरवा. घरात कुणी गेल्यावर येणारी पिशवी मात्र कधीही येते, बहुधा तेराव्यानंतर, आणि तीत मॉर्फिनपासून डायपरपर्यंत सगळं असतं. ती गर्दीच्या वेळी काउंटरवर उलटी करू नका. बाजूला घ्या, दुपारी या म्हणा, आणि फ्लश करायचं तेवढं पाकीट आजच वेगळं काढून द्या.